पिवळं फडकं

महाराष्ट्रात गाडी मारुती असो की मर्सिडीज, तिच्या दाराच्या कप्प्यात एक पिवळं फडकं असतंच. शोरूममधून गाडी निघते तेव्हा कुठल्याच कागदावर त्याची नोंद नसते, तरी पहिल्या आठवड्यातच ते येऊन स्थायिक होतं. कधी पंपाशेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून, तर कधी सिग्नलला काचेशी येऊन उभ्या राहिलेल्या पोराच्या खांद्यावरून. ते कुणी ठरवून घेत नाही आणि ठरवून टाकूनही देत नाही. गाडी विकली जाते, विमा बदलतो, फास्टॅग बदलतो. फडकं मात्र गाडीबरोबर नव्या मालकाकडे नांदायला जातं.

दिसायला साधं. सुती कापड, रंग भडक आणि कच्चा; पहिल्या धुण्याला अख्खी बादली पिवळी करतं. वरची लव उचललेली, म्हणून गालाला लावून पाहिलं तर मऊ लागतं. कडेला ओव्हरलॉकची शिलाई, जिचा दोरा लवकरच सुटून लोंबायला लागतो. त्याचं सगळं नाव उभं आहे ते या मऊपणावर. ‘एवढं मऊ आहे, यानं काय होतंय?’ असं म्हणतच त्याला बॉनेटवर सोडलं जातं.

कामाला नाही म्हणणं त्याला माहीत नाही. पावसाळ्यात आतून धुरकटलेली काच त्यानंच पुसायची, ऑइलची पट्टी बाहेर काढली की तीही त्यानंच. स्टेपनी बदलल्यावर हात त्यालाच, घाटात पोराला उलटी झाली की सीटही त्यालाच आवरावी लागते. आणि हे सगळं आटोपल्यावर, एकदा झटकून, त्याच अंगानं पुन्हा बॉनेटवर फिरायचं. पूर्वीचे काही ड्रायव्हर त्याला रॉकेलचा हात देऊन टपावर फिरवत. गाडी तासभर झळकायची, आणि मग त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ येऊन बसायची.

वर्षातून एकदा त्याचा मानाचा दिवस येतो. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. त्याआधी सकाळभर फडकं राबलेलं असतं, पण पूजा त्याची होत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत अडकून गुलालानं माखलेली गाडी घरी आली की पहिली हाक त्यालाच. कोरडा गुलाल ते जीव तोडून घासतं आणि काचेच्या रबरांत, दिव्यांच्या फटींत कायमचा बसवून टाकतं. मेहनतीत खोट काढायला जागा नसते. खोट निघते ती परिणामांत.

त्याचं खरं राज्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पहाटे. एक बादली, एक फडकं आणि रांगेनं उभ्या असलेल्या गाड्या. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ असतं, चौथ्या गाडीपर्यंत गढूळ होतं, आठव्या गाडीला नुसता चिखल पोचतो. पुसणाऱ्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. गाडीमागे महिन्याला काही शे रुपये मिळणार आणि लोक ऑफिसला निघायच्या आत सगळ्या गाड्या उरकायच्या. त्यानं बादली बदलायची कधी? मालकाला तरी काचेवर ओला हात फिरलेला दिसला की पुरतं. रोज पुसली जाते ती गाडी जपलेली, असा आपल्याकडचा पक्का समज आहे.

अशी दोन वर्षं ‘जपलेली’ काळी गाडी दुपारच्या उन्हात उभी करून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांचं कोळिष्टक दिसेल. गाडीची बारकाईनं निगा राखणारे डिटेलिंगवाले त्याला स्वर्ल म्हणतात. गंमत अशी की हे ओरखडे मुळात गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात, पण जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. दिवा सरकवला की वर्तुळंही त्याच्यामागे सरकतात. पांढऱ्या गाडीवर हे सगळं तितकंच असतं, फक्त नजरेत भरत नाही. पांढऱ्या रंगानं पिवळ्या फडक्याचे किती अपराध पोटात घातले असतील, त्याची गणती नाही.

ओरखडे पडतात ते रंगावर नव्हे, रंगावरच्या पारदर्शक थरावर. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा जेमतेम ४०-५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण मेटॅलिक रंगाचे जास्तीचे पैसे मोजतो, ती केसाहूनही पातळ थरावर उभी आहे. प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांना वर असा थर नसे. त्यांना पॉलिश केलं की गाडीचाच रंग फडक्यावर उतरायचा. काय केलंत त्याचा पुरावा लगेच हाती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरून कायमची गेली. नव्या गाड्यांचा क्लिअर कोट निमूटपणे झिजतो. फडक्यावर काहीच दिसत नाही, म्हणून संशयही येत नाही.

आता न्यायानं बोलायचं तर सूत काही क्लिअर कोटला ओरखडत नाही. ओरखडते ती धूळ. तिच्यात क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे कण असतात. मोह्सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर बसतो, काचेलाही चरा पाडतो. खोदलेले रस्ते आणि गल्लीगल्लीतली बांधकामं हा कण फुकट घरपोच देत असतात. पिवळ्या फडक्याची आखूड लव त्याला पकडते आणि सोडत नाही. मग मागून हाताचा जोर येतो, आणि कण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरफटत जातो. फडकं वाईट नाही, संगत वाईट आहे. आणि संगत सोडण्याची अक्कल त्याच्या विणीतच नाही.

म्हणूनच घरच्या घरी हौसेनं डिटेलिंग करणाऱ्यांच्या गॅरेजात त्याला मज्जाव असतो. रविवारची सकाळ गाडीभोवती घालवणाऱ्या या माणसांचं वेड घरच्यांना कळत नाही. दोन बादल्या कशाला, फडक्यांना वेगवेगळे डबे कशाला, आधीच स्वच्छ दिसणारी गाडी पुन्हा धुवायची कशाला? पण या सगळ्या पसाऱ्यामागे नियम एकच आहे: गाडीला हात लावायचा तो शेवटी, आणि लावायचा तोही कमीत कमी.

म्हणून आधी नुसत्या पाण्याचा फवारा. मग दाट फेस, जो पाचएक मिनिटं अंगावर राहून माती सैल करतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. यानंतर कुठे मऊ झुबक्यांचा मिट हातात चढतो. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. गाडीचा एक भाग झाला की मिट आधी साध्या पाण्यात खळबळायचा, माती जाळीखाली बसू द्यायची आणि मगच तो शाम्पूत बुडवायचा. सुरुवात टपापासून, हात सरळ रेषेत, आणि दाराखालच्या पट्ट्या सगळ्यांत शेवटी, कारण रस्त्याची खडी तिथेच असते. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर चालत नाही. मळाबरोबर ती गाडीवर लावलेलं मेणही काढते. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके मागे सोडतं, म्हणून काम सावलीत आणि पुसणं लगेच.

यासाठी लागणारं गॅरेज म्हणजे हायड्रॉलिक लिफ्ट आणि चकचकीत फरशी नव्हे. नाशिक-कोल्हापूरकडच्या बंगल्याचं पोर्च पुरतं. डोक्यावर सावली हवी, जमिनीला मोरीकडे उतार हवा, नळ जवळ हवा. प्रेशर वॉशरसाठी १५ अँपिअरचा प्लग छातीच्या उंचीवर आणि त्यामागे ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर. पाणी आणि वीज एका जागी नांदायची असतील तर यात काटकसर करायची नाही. दिवा छताला एकच असेल तर तो अर्धं सत्य सांगतो. ओरखडे दिसतात ते बाजूनं येणाऱ्या प्रकाशात, म्हणून दोन उभ्या ट्यूब भिंतींवर, नाहीतर हातात एक टॉर्च. आणि झाकणाचे डबे: रंगाची फडकी एकात, काचेची दुसऱ्यात, चाकांची तिसऱ्यात. पिवळं फडकं आयुष्यभर सगळ्यांत मिसळत आलं. इथे शिवाशीव कडक पाळली जाते, आणि तिला कारण आहे.

त्याच्या जागी जो आला आहे, तो मायक्रोफायबर. कूळ जपानी. तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली अतिसूक्ष्म तंतूंपासून नकली स्वेड बनवलं. पुढे याच जातीच्या तंतूंची पुसायची फडकी निघाली. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, बहुधा ८०:२० किंवा ७०:३० या प्रमाणात, आणि तंतू चिरून आणखी बारीक केलेले. त्या चिरांमध्ये आणि लांब लवेमध्ये कण आत ओढला जातो, पृष्ठभागावर घासत राहत नाही. गुणी आहे, पण नखरेलही आहे. त्याला सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, फॅब्रिक कंडिशनर दाखवायचा नाही, गरम इस्त्री तर दूरच. जमिनीवर पडलं की रंगावरची नोकरी संपली, चाकांच्या डब्यात रवानगी. आणि मळलेलं मायक्रोफायबर पिवळ्या फडक्याइतकंच घातक असतं, हे महागडं फडकं घेऊन रोज कोरडी गाडी पुसणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

झालेलं नुकसान भरून येतं का? येतं, पण फुकट नाही. गाडी धुतल्यावर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवर फिरवला की खरखर जाणवते: ब्रेकची लोखंडी पूड, डांबर, झाडाचा चीक. लोखंडावर रसायन फवारलं की थेंब जांभळे होत ओघळतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. उरलेलं क्ले बार, म्हणजे डिटेलिंगची चिकणमाती, ओल्या पृष्ठभागावर फिरून उचलते. मग येतं पॉलिशिंगचं मशीन. नवशिक्यानं ड्युअल ॲक्शनच घ्यावं. ते फिरता फिरता हेलकावतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. पण पॉलिश ओरखडा बुजवत नाही, ते आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं. दर खेपेला त्या ४०-५० मायक्रॉनमधून काहीतरी कायमचं जातं. वरून ब्राझीलच्या ताडाच्या पानांचं कार्नौबा मेण लावा, नाहीतर सिलिकाचं सिरॅमिक कोटिंग करून घ्या. मेण काही आठवडे टिकेल, कोटिंग काही वर्षं. दोन्हींनी पाणी घरंगळतं, मळ कमी चिकटतो. पण सिरॅमिकवाल्या गाडीवर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहाटेची बादली फिरली, तर हजारो रुपये त्या बादलीत गेले असं समजावं.

पाण्याचा प्रश्न खराच आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जल मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड लावला. आपल्याकडेही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीशेजारी प्रेशर वॉशर लावून बसणं शोभत नाही. अशा वेळी, आणि पार्किंगमध्ये धुवायला बंदी असलेल्या फ्लॅटमध्येही, बिनखळबळीचं, म्हणजे नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं, द्रावण कामी येतं. एका बादलीत ते कालवायचं, आधी सगळीकडे फवारायचं, मग भिजलेल्या मायक्रोफायबरच्या घड्या करून दर भागाला नवी बाजू वापरायची. अख्खी गाडी एका बादलीत होते. चिखलानं माखलेली असेल तर मात्र नाही.

पिवळ्या फडक्याला घराबाहेर काढायची गरज नाही. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर तसं करणं बरंही दिसणार नाही. त्याची बदली करावी: ऑइलची पट्टी, टायर, डिकीचा तळ, दारांच्या बिजागऱ्या. तिथे त्याच्याइतकं इमानी दुसरं कुणी नाही. पक्ष्याची विष्ठा पडली तर ओल्या मायक्रोफायबरनं भिजवून त्याच दिवशी अलगद उचला, कारण ती क्लिअर कोट खाते. सोसायटीत गाडी पुसणाऱ्याला पगार तोच द्या आणि सांगा, रोज फक्त काचा, आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाण्यानं गाडी. बाकीची धूळ आहे तिथे बसू द्या. नुसत्या बसलेल्या धुळीनं गाडी खराब होत नाही. ती पुसल्यानं होते.