कुंडीतील झाडांचे पाणी

हिंगोली जिल्ह्याच्या भूमीखाली दख्खनच्या काळ्या पाषाणाचे जे थरांवर थर पसरलेले आहेत, त्यांच्या भेगांतून आणि सांध्यांतून झिरपणारे पावसाचे पाणी वाटेत चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार आपल्यात विरघळवून घेते, आणि म्हणूनच आमच्याकडील विहिरींचे, विशेषतः खोल बोअरचे पाणी दिसावयास निर्मळ असूनही गुणाने जड असते. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात मी पुष्कळ पूर्वी वाचली होती. तिचा प्रत्यक्ष परिचय मात्र मला घरातील कुंड्यांनी करून दिला.

कळमनुरी तालुक्यातील आमच्या गावाहून हिंगोली शहरात बिऱ्हाड हलविले, तेव्हा आईने हौसेने जोपासलेल्या अनंताच्या, मोगऱ्याच्या आणि नेच्याच्या दोन-चार कुंड्या सामानाबरोबर आल्या. नव्या घरी बोअरचे पाणी मुबलक होते आणि झाडांना त्याची ददात नव्हती. तरीही काही महिन्यांत अनंताची कोवळी पाने पिवळी पडू लागली. त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहत, आणि आश्चर्य असे की खालची जुनी पाने पूर्ववत् टवटवीत दिसत. नेच्याची टोके करपली आणि कुंड्यांच्या काठांवर पांढरी खरपुडी धरली. खताची तजवीज झाली, उजेडाची जागा बदलून पाहिली. पण अखेर योग्य दिशा दाखविली ती आईनेच. ती म्हणाली, "अरे, या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, मग झाडाला तरी ते कसं मानवेल?"

या एका वाक्यानंतर मी पाण्याचा नमुना तपासणीसाठी दिला. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशात जे मानक आहे, त्यात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा ६०० मिलिग्रॅम अशी ठरविलेली आहे. आमचे पाणी या दोहोंच्या दरम्यान भरले; म्हणजे माणसाने नाइलाजाने प्यावे असे ते होते, परंतु अनंतासारख्या आम्लप्रिय झाडाला ते सोसणारे नव्हते. अशा पाण्यातील बायकार्बोनेटांमुळे कुंडीतील माती हळूहळू अल्कधर्मी बनते, आणि तसे झाले की मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी जात नसल्यामुळे त्याच्या अभावाची फिर्याद प्रथम कोवळे पान करते.

शेतातील झाडावर पाऊस पडतो आणि साचलेले क्षार खोल वाहून जातात. कुंडीतील झाडाला ही सोय नाही. तेथे पाणी वाफ होऊन जाते, मात्र त्याने आणलेला क्षार कायमचा मुक्काम ठोकतो. ही गोष्ट पटल्यावर मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाण्याकडे त्याच्या उगमासह पाहू लागलो. सिद्धेश्वर धरणातून शहराला मिळणारे नळाचे पाणी बोअरपेक्षा हलके; त्यातील क्लोरीनचा वास उग्र असेल तर ते रुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर उघडे ठेवावे, म्हणजे तो बराचसा उडून जातो. आर. ओ. पद्धतीच्या शुद्धीकरण यंत्रातून निघणारे पाणी जवळजवळ क्षारहीन असते आणि नाजूक झाडांना ते चालते. परंतु त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर टाकले जाते, त्यात गाळलेले सारे क्षार एकवटलेले असतात. काटकसरीच्या सद्बुद्धीने अनेक घरी नेमके तेच कुंड्यांना घातले जाते. त्याने फरशी पुसावी, संडास धुवावा. कुंडीत ते घालू नये.

या सर्वांत श्रेष्ठ ते पावसाचे पाणी. ते मृदू असते, किंचित आम्ल असते, आणि छपराच्या एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, हा हिशेब कोणासही करता येण्याजोगा आहे. पहिल्या सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते म्हणून ते सोडून द्यावे, आणि पुढचे झाकणाच्या पिंपात साठवावे. आम्ही अनंताला आणि नेच्याला हेच पाणी देऊ लागलो. पिवळी पडलेली पाने गळाली, परंतु नंतर आलेली पालवी हिरवी आली. आषाढात सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवून भरपूर पावसात भिजू देणे, हा आता आमच्या घरचा रिवाज आहे. त्यायोगे वर्षभराचे क्षार तळाच्या भोकावाटे धुऊन जातात.

२०१६ साली ज्या मराठवाड्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात कुंड्यांसाठी पाण्याची निवड करीत बसणे हा विलास आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. म्हणूनच पिण्याच्या हंड्यातील थेंबही मी झाडांकडे वळवीत नाही; छपरावरून वाया जाणारा पाऊस आणि डाळ-तांदूळ धुतलेले नळाचे पाणी एवढ्यावरच नाजूक झाडांचा कारभार चालवितो. पावसाचा साठा संपत आला की मनीप्लांट आणि कोरफड यांना बोअरचे पाणी देतो, कारण ती ते पुष्कळ अंशी सोसतात. ज्याच्याकडे बोअरखेरीज दुसरे पाणीच नाही, त्याने अनंताचा हट्ट न धरता अशीच झाडे लावावीत. आपल्या भूमीत कोणते पाणी आहे हे आधी ओळखावे आणि मग झाड घरी आणावे. जे झाड आपण अंगणातल्या पावसापासून तोडून भिंतींच्या आत आणतो, त्याच्या पाण्याची चौकशी करणे हे आपले कर्तव्यच आहे.