बॉनेटचा खटका

खामगावच्या मे महिन्यात जुन्या प्लास्टिकला हात लावायचीही भीती वाटते. माझी सॅन स्टॉर्म गोव्यात बनलेली, दोन माणसांची, फायबरग्लासच्या अंगाची. डॅशबोर्डखालचा बॉनेटचा खटका मुळाशी तडकला. ही गाडी आता बनत नाही, त्यामुळे सुटा भाग मिळणं कठीणच.

मिस्त्रींनी तुकडा निरखला. म्हणाले, "भाऊ, याचा काय दोष? समोरचं लॅच जाम झालं हाय."

खरंच होतं ते. लॅचवर गंज, केबलीत धूळ. साऱ्याचा ताण या पातळ दांडीवर येत होता, आणि उन्हानं ती आधीच ठिसूळ झालेली. त्यांनी लॅच रॉकेलनं धुतलं, केबलीत तेल सोडलं, मग अॅल्युमिनियमच्या पट्टीतून नवा खटका घडवला.

तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. तो पाहिला की आई आठवते. वडिलांच्या आजारपणात घरात कुणाचंही काही अडलं, की आवाज चढायचा तो आईवर. ती गप्प राहायची. तेव्हा आम्हाला ती खंबीर वाटायची. तिला कधी विचारलं नाही.

पाऊस पडल्यावर याच गाडीनं लोणारला जायचं म्हणतोय. आई येईल का, ठाऊक नाही.