गाडी नसलेल्या घरात



दोन वर्षांपूर्वी आम्ही कार विकली तेव्हा पहिला फोन आला तो मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याचा. "शेटजी, काही अडचण असेल तर सांगा, संकोच करू नका." आमच्या ह्यांचा जुन्या मोंढ्यात किराण्याचा होलसेल धंदा आहे. तिथे माल विश्वासावर येतो आणि विश्वासावर जातो. दारातली गाडी दिसेनाशी झाली म्हणजे दुकान डबघाईला आलं, असा हिशेब लोकांनी मनातल्या मनात मांडून टाकला. मंदिरातही दोघीतिघींनी विचारलं, "काकू, सगळं ठीक आहे ना?" त्या प्रश्नात काळजी होती, थोडी उत्सुकताही होती. ह्यांना मात्र ते लागलं. धंद्यात नाव जपायला तीस वर्षं लागतात आणि ते जायला एक अफवा पुरते.

आपलं शहरही तसंच आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला स्कोडाचा. घरटी कुणीतरी गाड्यांच्या नाहीतर त्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात सापडतं. २०१० च्या ऑक्टोबरात तर इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार होता, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. तेव्हा मलाही अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू? आमचा त्यात एक रुपयाही नव्हता, तरी पाहुण्यांना मीच सांगत सुटले होते.

मग गाडी विकायचं डोक्यात आलं कुठून? तर स्वाध्यायातून. चातुर्मासात दुपारी आम्ही बायका 'रत्नकरंड श्रावकाचार' वाचत होतो. आचार्य समंतभद्रांनी परिग्रह परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. पहिलाच शब्द 'अतिवाहन'. लोभापायी बैलांना त्यांच्या ताकदीपलीकडे पळवणं असा त्याचा अर्थ टीकेत दिला आहे, आणि गरजेपेक्षा जास्त वाहनं बाळगणं असाही अर्थ सांगितला जातो. 'विस्मय' म्हणजे दुसऱ्याचं वैभव पाहून डोळे विस्फारणं. मला एकदम त्या १५० मर्सिडीज आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या रात्री मी वहीत लिहून काढलं की महिन्याभरात गाडी किती वेळा निघाली. नऊ वेळा. त्यातल्या पाच फेऱ्या तीन किलोमीटरच्या आतल्या होत्या. एकदा तर नुसती कोथिंबीर आणायला. विनाकारण होणाऱ्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. कोथिंबिरीसाठी हजार किलोचं लोखंड रस्त्यावर काढणं याला दुसरं काय नाव द्यायचं? बाकी दिवस गाडी कव्हर घालून उभी. तिचा विमा, सर्व्हिसिंग आणि तिच्यावर ओरखडा पडू नये ही काळजी मात्र बाराही महिने चालू. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूत गुंतलेलं मन, असं सांगितलं आहे. आमचं मन त्या कव्हरखाली गुंतलेलं होतं.

स्कूटी मुलगा पुण्याला घेऊन गेला होता. राहिली ह्यांची जुनी सायकल. माझ्यासाठी एक साधी लेडीज सायकल घेतली, गिअर नसलेली, पुढे टोपलीवाली. शाळेनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलनीतल्या पोरांसमोर दोनदा पडले. सीट चामड्याची नाही ना, हे दुकानदाराला तीनदा विचारून घेतलं, तो वैतागला.

ज्योतीनगरहून राजाबाजारच्या मंदिरापर्यंत मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पैठण गेट, टिळक पथ, गुलमंडी आणि मग राजाबाजार. सकाळी सातला दुकानांची शटरं बंद असतात, तेव्हा हा रस्ता अगदी आपला असतो. दहानंतर तिथे सायकल चालवायची माझी हिंमत नाही, आणि जालना रोडवर तर कधीच नाही. पूजेची साडी पिशवीत नेते, मंदिरात बदलते. द्रव्याचा डबा टोपलीत. पहिल्या आठवड्यात एका खड्ड्यात झाकण उघडलं, तांदूळ आणि लवंगा रस्त्यावर. तेव्हापासून डब्याला कापड बांधते.

सायकलनं हिंसा होत नाही असं मी म्हणणार नाही. टायर तो टायरच. चार हात पुढची जमीन पाहून चालण्याची ईर्यासमिती मुनिराजांना, आणि ते तर कुठल्याच वाहनात बसत नाहीत. पण मृगाचा पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला लाल मखमली किडे, वाणी, गोगलगायी निघतात, त्या मला आता दिसतात. सायकल थांबवता येते, वळवता येते, उतरून हातात धरून नेता येते. गाडीत असताना हे जीव रस्त्यावर असतात हेच मी विसरून गेले होते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही. दिव्यावर जीव येतात, अन्नात पडतात, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग पावसाळ्यात रात्रीच्या प्रवासानंतर गाडीची पुढची काच पाहिली आहे का कधी? मी कितीदा तरी ती ओल्या फडक्यानं पुसली होती. डाग जात नाहीत म्हणून चिडले होते. ते डाग कशाचे आहेत, हा विचार एकदाही मनात आला नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की काकूंचं सगळं छान चाललंय. तसं नव्हतं.

सायकलवर मी आणि हे. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात. कार्यक्रम तर चालूच असतात: लग्नं, विधानं, कचनेरची यात्रा. आम्ही धाकट्या दिरांना फोन करायचो. "भाऊजी, तुम्ही जाणारच आहात ना, आईंना घ्या बरोबर." आईंबरोबर मीही बसायची. कधी हेही. सहा-सात महिने असं चाललं. मंदिरात मात्र मी सायकलचं सगळ्यांना सांगायची. चार जणी कौतुक करायच्या आणि ते मला गोड लागायचं.

एका लग्नाहून परतताना धाकटी जाऊ हसत हसत म्हणाली, "ताई, रागावू नका हं, पण तुमचं व्रत आमच्या पेट्रोलवर चालतंय."

मी रागावले. दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी सामायिकाला बसले तेव्हा मन थोडं शांत झालं आणि कळलं की ती खरं बोलली. आपल्याकडे हिशेब तीन खात्यांत लिहितात: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, आणि दुसरा करत असताना मनातून हो म्हटलं. मी गाडी कृतातून काढून कारितात टाकली होती आणि वर व्रताची शेखी मिरवत होते.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की कार्यक्रमासाठी कुणाची गाडी मागायची नाही. आईंना रोज मंदिरात न्यायला ओळखीचे रिक्षावाले मामा ठरवले. बाहेरगावी एसटीनं जायचं. गेल्या वर्षी कचनेरला मी आणि आई एसटीनं गेलो आणि हे उजाडल्यावर सायकलवर निघाले. सुमारे पस्तीस किलोमीटर. पार्श्वनाथांच्या दर्शनाला पोचले तेव्हा शर्ट घामानं चिंब होता, पण चेहरा असा खुललेला मी खूप दिवसांनी पाहिला. मोंढ्यातली कुजबुजही थांबली. देणी वेळेवर जात राहिली, तेवढंच उत्तर पुरलं.

मग आली जानेवारीतली ती रात्र. अडीचच्या सुमाराला बाथरूममधून धप्प आवाज आला. आई पडल्या होत्या. शुद्धीवर होत्या, पण उजवं मनगट वाकडं दिसत होतं आणि वेदनेनं चेहरा पांढरा पडला होता. रिक्षावाल्या मामांचा फोन बंद. १०८ ला फोन करता येतो हे त्या क्षणी दोघांनाही सुचलं नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊजींना लावा." दहा मिनिटांत भाऊजी गाडी घेऊन दारात. धाकटी जाऊही आली, आईंसाठी उशी घेऊन. जाताना तिनं आईंचं डोकं मांडीवर घेतलं. गाडीचा विषयही तिनं काढला नाही.

हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत घरात एकच विषय. हे म्हणाले, "आपल्या हट्टापायी आईला त्रास. एखादी जुनी गाडी घेऊन टाकू." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

शेवटी आईच बोलल्या. "अगं, मी पडले ते गाडी नाही म्हणून का? बाथरूम ओलं होतं म्हणून पडले. आधी तिथे धरायला दांडी लावा."

दांडी लावली. खाली रबरी पायपुसणं टाकलं. १०८ आणि आणखी दोन रिक्षावाल्यांचे नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिले. रिक्षाचा वर्षाचा खर्च मांडला, तर गाडीच्या विम्या-पेट्रोल-सर्व्हिसिंगच्या निम्म्याहून कमी भरला. जिवावरचा प्रसंग आला तर दिरांना हाक मारायची, तेव्हा संकोच करायचा नाही. धाकट्या जावेनं दशलक्षणात उपवास धरले तेव्हा तिच्या घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक मी केला. व्रतात फटी आहेत, पण निदान त्या मला आता दिसतात.

सख्यांनो, सगळ्यांनी गाड्या विका असं मी सांगणार नाही. कुणाचं माहेर लांब, कुणाच्या घरी आजारी माणूस. फक्त एक महिना वहीत लिहून बघा, गाडी किती वेळा निघाली आणि कशासाठी.

आईंचा हात आता बरा आहे. सकाळी आम्ही दोघी एकदमच निघतो, त्या रिक्षातून आणि मी सायकलवर. पैठण गेटपर्यंत रिक्षा दिसते, मग पुढे निघून जाते. मी पोचेपर्यंत त्या माझ्यासाठी चटई टाकून ठेवतात आणि मला पाहिलं की हळूच म्हणतात, "आज उशीर केलास."

जय जिनेंद्र!