लाईट गेली की

माळशिरसच्या आमच्या घरी रेडिओ नीट ऐकू यायचा तो लाईट गेली की. पुणे केंद्र, 792 किलोहर्ट्झ. एरवी विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर पडला की कडाड, ट्यूबच्या चोकची घरघर, वळवाच्या दिवसांत लांब कुठे वीज चमकली तरी तडतड. लाईट गेली की विजेची तडतड सोडून बाकी सगळं गप्प. सेलवरचा ट्रान्झिस्टर असा बोलायचा, जणू निवेदक ओसरीवर बसलाय. आबा म्हणायचे, "आता ऐक निवांत."

मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीवर चढवून पाठवतात. त्यामुळे उंचीतली प्रत्येक ढवळाढवळ थेट कानात येते. दुसऱ्या जातीचा गोंधळ, फेजचा, मला पुढे मायक्रोवेव्हच्या नोकरीत भेटला. नव्या पोरांना तो समजावताना मी आषाढातली दिंडी सांगतो. नातेपुत्याहून माऊलींची पालखी माळशिरसला येते, तेव्हा एखाद्याचा टाळ जरा हळू आवाजात वाजला तर कुणी मनावर घेत नाही. तो उंचीचा गोंधळ. पण कुणी कणभर आधी, कणभर नंतर वाजवायला लागला की विणेकरी मान वळवून बघतो. तो फेजचा.

तो मोजायचा म्हणजे तेव्हा रात्रपाळीच. एक ऑसिलेटर मापायचा, तर तसाच दुसरा शेजारी ठेवायचा आणि दोघांना मिक्सरमध्ये नव्वद अंशांच्या फरकाने भिडवायचं. बरोबर त्या जागी मिक्सर उंचीच्या चढउताराकडे जवळजवळ काणाडोळा करतो आणि फेजची थरथर तेवढी बाहेर देतो. उंचीसाठी वेगळा डायोड डिटेक्टर लावायचा. पण ते नव्वद अंश टिकतील तर शपथ! टेबलाला कोपर लागलं, केबलला बोट लागलं, की आलेख बिघडला. म्हणून पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. मे महिन्यात सदरा पिळून काढावा लागायचा.

एवढं करून आलेखावर काटे उभेच. 50 हर्ट्झला, 100 ला, 150 ला. ते ऑसिलेटरचे नव्हतेच, भिंतीतल्या विजेचे होते. शेवटी दोन्ही ऑसिलेटर मोटारीच्या बॅटरीवर घेतले आणि काटे बसले. जगभर हेच करतात, त्यात माझा शोध काही नाही. पण मला आबा आठवले.

इतका आटापिटा कशाला? 10 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून 10 गिगाहर्ट्झ बनवायचे तर वारंवारता हजारपट होते आणि फेजचा गोंधळ 60 डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात दहा लाख पटींनी वाढतो. मुळातला कण शेवटी डोंगर होतो. नारायणगावाजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महादुर्बीण घ्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रकाशतंतूंमधून एकच ठोका सगळीकडे पाठवून त्यांचे ऑसिलेटर बांधून ठेवावे लागतात. टाळकरी तीस, पण दिंडी केवढी लांब!

आता हे मोजायचं काम एक पेटी करते. आत दोन स्वतंत्र वाटा, दोन्हींत तोच सिग्नल. दोघींचा आपापला गोंधळ एकमेकींशी जुळत नाही, म्हणून सरासरी घेता घेता तो झिजत जातो. दहा हजार सरासऱ्यांत 20 डेसिबल खाली. उंचीचं मापही तीच देते. परवा एका पोराने चहा संपायच्या आत मला दोन्ही आलेख काढून दाखवले, डोक्यावर पंखा गरगरत असताना. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? आमच्या रात्रींचं मी उगाच कौतुक करणार नाही. त्या रात्री डासही होते.

यंदा गावी गेलो तेव्हा आबांचा ट्रान्झिस्टर काढला, नवे सेल घातले, काटा 792 वर आणला. एलईडी बल्ब आणि दोन मोबाईलचे चार्जर, त्यांच्या भणभणीत निवेदक पार बुडालेला. तेवढ्यात लाईट गेली. मी रेडिओ कानाला लावला.

कोपऱ्यात इन्व्हर्टर टक्कन लागला. बल्ब पुन्हा पेटले, आणि भणभणही.