ट्रक भरण्याचा हिशेब

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यातील बरेच वृद्ध रुग्ण औंढा सोडून पुण्याला, नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला मुलांकडे राहायला गेले. जाण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी घ्यायला येतात, तेव्हा मुले हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, ट्रक भरायला किती वेळ लागेल? तोवर आईला बसवेल ना?" वेळेचा अंदाज हमालाने सांगावा हे खरे, तथापि गुडघे दुखणाऱ्या, मधुमेही वृद्धेला तीन तास बसायचे की सहा, यावर तिचे जेवण, इन्सुलिन आणि लघवीची सोय अवलंबून असते. म्हणून हा हिशेब मी घरच्यांना आधी कागदावर मांडायला सांगतो.

वसमत-हिंगोलीच्या हळद बाजारात ट्रक भरण्याचा अंदाज बांधणे सोपे, कारण पोती सारखी असतात. घरसामान तसे नसते. ते खेपांनी मोजावे. समजा, एकट्याने उचलण्याजोगे नव्वद नग आहेत आणि दारातल्या ट्रकपर्यंतची एक खेप तीन मिनिटांची आहे. कपाट, पलंग, फ्रीज असे दहा जड नग चौघांनी मिळून प्रत्येकी सहा मिनिटांत न्यायचे आहेत. चार हमाल असतील, तर हे काम साधारण सव्वादोन तासांचे. दोर बांधणे, ताडपत्री टाकणे आणि चहापाणी यांसाठी पाऊण तास धरावा. एकूण तीन तास. जुन्या वस्तीतल्या बोळात ट्रक शिरत नसेल आणि प्रत्येक खेपेला दुप्पट वेळ लागत असेल, तर हेच काम सव्वापाच तासांवर जाते. जिना असल्यास आणखी वेळ धरावा.

या हिशेबात एक गोष्ट बसत नाही : न झालेले निर्णय. एका घरी आजींचा रक्तदाब पाहायला मला बोलावले होते. ट्रक अर्धा भरलेला, हमाल ओट्यावर बसलेले, मुलगा चिडलेला आणि आजी सासूबाईंच्या जात्याजवळ बसून. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जाते नेऊन काय करायचे, हा मुलाचा प्रश्न रास्त होता. पण पन्नास वर्षांच्या संसाराचे उत्तर त्यांनी हमालांसमोर द्यावे, ही अपेक्षा रास्त नव्हती. तासाभराने त्यांनीच जाते शेजारणीला द्यायचे ठरवले आणि काम पुढे सरकले. अशा निर्णयांसाठी किमान पंधरा दिवस द्यावेत. रोज एकच कपाट किंवा एकच पेटी काढावी आणि नेणे, देणे, टाकणे हे वृद्धांच्या तोंडून ठरू द्यावे.

ट्रक भरायच्या दिवशी त्यांना शेजारी किंवा नातलगांकडे बसवावे. स्मृतिभ्रंश असेल, तर ओळखीचे माणूस सतत जवळ हवे. दोर आणि खोकी पसरलेल्या घरात काठीने चालणारा माणूस सहज पडतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी वाकून ओझे उचलल्यास मणका दबू शकतो. वारंवार लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी पिणे किंवा लघवीची गोळी परस्पर टाळणे धोक्याचे आहे. बाथरूमची बादली आणि तांब्या शेवटी उचलावा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ट्रक सकाळी लवकर लावावा.

पंधरा दिवसांची औषधे, चिठ्ठ्या, रिपोर्ट, चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र यांची पिशवी ट्रकमध्ये मुळीच देऊ नये. ती सोबत असावी. इन्सुलिनही थंड पिशवीत सोबतच न्यावे, मात्र बर्फाला थेट लागू देऊ नये.

शेवटी चढवलेले सामान प्रथम उतरते. म्हणून वृद्धांचा पलंग, गादी, कमोडची खुर्ची आणि रात्रीचा दिवा सर्वांत शेवटी चढवावा. नव्या घरात इतर खोकी आठ दिवस बंद राहिली तरी चालतील. पहिल्या रात्री मात्र पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी आणि उजेडाची हवी. अंधारात ती वाट त्यांच्या पायांना अजून ठाऊक नसते.