खारकीव्हची डिग्री, बुधवाऱ्याचा पत्ता

बुऱ्हाणपुरात डॉक्टरकीला तोटा नाही. युनानी कॉलेज आहे, सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, हकीम-वैद्यांचे पिढीजात दवाखाने आहेत. नाही ते एमबीबीएसचं कॉलेज. जवळचं म्हणाल तर खंडव्याचं, किंवा हद्द ओलांडून जळगावचं. ही दोन्ही सरकारी कॉलेजं 2018 मध्ये सुरू झाली. इथल्या बुधवारा मोहल्ल्यातला आमचा पुतण्या 2016 मध्ये बारावी झाला, तेव्हा यांतलं एकही नव्हतं.

सरकारी जागा थोडक्यात हुकली आणि खासगीची फी ऐकून भाऊ दोन दिवस जेवला नाही. मग कुणीतरी युक्रेनचं नाव काढलं. भावाने शेडमधले चार लूम विकले, उरलेलं कर्ज काढलं आणि मुलगा खारकीव्हला गेला.

तिथे शिकवणं इंग्रजीत, पण पेशंट रशियन बोलणारे. म्हणून त्याच्या वहीत आजारांच्या टिपणांशेजारी 'कुठे दुखतं?', 'कधीपासून?', 'श्वास रोखा' असे प्रश्न रशियनमध्ये, पण देवनागरीत लिहिलेले. प्रोफेसर पुढे, पोरांचा घोळका मागे. पेशंटला हात लावायची पाळी क्वचितच येई. पुस्तकातला न्यूमोनिया त्याला पाठ होता. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलेला फार थोडा.

शेवटचं वर्ष चालू असताना, 24 फेब्रुवारी 2022 ला, युद्ध सुरू झालं. काही दिवस तळघरात काढले. मग 2 मार्चला दूतावासाने 'पायी का होईना, खारकीव्ह सोडा' असं कळवलं, तेव्हा तो इतर पोरांबरोबर पिसोचिनपर्यंत चालत गेला. 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने दिल्ली गाठली. हारतुरे झाले, पेढे वाटले गेले. आमच्या लेखी गोष्ट तिथे संपली होती.

खरी गोष्ट तिथून पुढे आहे. उरलेला अभ्यास ऑनलाइन झाला. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ठरवलं, की युद्धामुळे किंवा कोविडमुळे परतलेल्या शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलांना 30 जूनपर्यंत डिग्री मिळाली आहे, त्यांना एफएमजीई देता येईल. मात्र पुढे इंटर्नशिप एक वर्षाची नव्हे, दोन वर्षांची. तक्रार करायला जागा नव्हती. वॉर्ड बुडाला होता हे खरंच होतं.

एफएमजीई ही परदेशातून शिकून आलेल्यांची चाळणी परीक्षा. 2002 पासून चालते, वर्षातून दोनदा होते. प्रश्न 300, पास व्हायला 150, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं. पण 2023 च्या जून सत्रात दहातला एकच पास झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबर सत्रात पाचातला एक. पुतण्या दिल्लीत एम्सच्या मागे गौतमनगरला राहिला. त्या गल्ल्यांत पीजी आणि एफएमजीईचीच पोरं. चहाच्या टपरीवरही 'मॅरो' ॲपचे प्रश्न सोडवणं चाले. जानेवारी 2023 मध्ये पेपर दिला आणि तो सुटला. त्याचा खोलीतला जोडीदार त्या खेपेला राहिला आणि पुढच्या दहा टक्क्यांच्या सत्रात सापडला.

या परीक्षेला मी कधीच नावं ठेवणार नाही. उद्या माझ्या छातीत कळ आली तर समोर चाळणीतून आलेलाच डॉक्टर हवा. माझं भांडण चाळणीनंतरच्या रांगेशी आहे.

पास झाल्यावर तात्पुरती नोंदणी, त्यासाठी भोपाळ. चेन लावलेल्या निळ्या फायलीत अपॉस्टिलचा शिक्का मारलेली डिग्री, मार्कांचे उतारे, पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, शपथपत्रं. खिडकीवर एकच सवाल: युनिव्हर्सिटीकडून पडताळणी आली का? जिथे बाँब पडत होते तिथल्या क्लार्कच्या ई-मेलसाठी बुधवाऱ्यातलं एक घर रात्रीबेरात्री मोबाइल बघत होतं.

त्यानंतर इंटर्नशिपची जागा. कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्के जास्तीच्या जागा परदेशवाल्यांना, म्हणजे दीडशेच्या कॉलेजात अकरा. त्याला मिळाली. पुढची दोन वर्षं रात्रपाळ्या, कॅथेटर, ड्रेसिंग, सॅम्पल घेऊन लॅबपर्यंत धाव. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीची शीर सापडेना. हात थरथरत होता. सिस्टरने मनगट धरून जागा दाखवली, "डाकसाब, यहाँ से." कॅन्युला बसला. सहा वर्षांत जे झालं नव्हतं ते तिथे झालं, असं तो अजून सांगतो. इथल्या इंटर्नइतकंच विद्यावेतन यांनाही द्या, असं आयोगाने 2022 मध्येच कळवलं होतं. त्याच्या कॉलेजात मात्र ते महिनोन्‌महिने अडकलं, आणि पंचविशी ओलांडलेला डॉक्टर मुलगा बापाकडे पेट्रोलला पैसे मागत राहिला.

एकदा जेवताना वहिनीने आनंदीबाई जोशींचं नाव काढलं. 1886 मध्ये त्या अमेरिकेतून निघण्याआधीच कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक त्यांच्या हाती होती. भाऊ म्हणाला, "तेव्हा एकच होती गं. आता विमानं भरून येतात."

इंटर्नशिप संपवून 3 ऑगस्ट 2025 ला त्याने नीट-पीजी दिली. आता आणखी एक गाठ. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पदव्युत्तर मेडिकलच्या जागांसाठी रहिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. आपल्याच संस्थेत शिकलेल्यांना काही प्रमाणात प्राधान्य देणं मात्र चालेल, असंही म्हटलं. गुणवत्तेच्या बाजूने निकाल योग्यच आहे. पण पुतण्याकडे मध्य प्रदेशचा रहिवासी दाखला आहे आणि इथली संस्था नाही. जे आहे ते चालत नाही, जे चालतं ते नाही. उरतो तो निव्वळ रँक, आणि हवं ते मेडिसिन त्या रँकला मिळालं नाही. सध्या तो खासगी हॉस्पिटलात ड्यूटी डॉक्टर आहे आणि रात्री पुन्हा वाचतो.

चाळणीतून उतरलेल्याला नोंदणी आणि इंटर्नशिप ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे. आयोगाने तारीख बांधून द्यावी, बाकी परीक्षा हव्या तितक्या कडक घ्याव्यात.

आणि ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांना एक सांगणं. नोव्हेंबर 2021 पासूनचे नियम वेगळे आहेत. पैसे भरण्याआधी एजंटला विचारा: कोर्स किमान 54 महिन्यांचा आहे का? शिक्षण इंग्रजीत आहे का? त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप मिळेल का? त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळेल का? यातल्या एकाही प्रश्नाला तो कागद न दाखवता नुसतं "हो जाएगा" म्हणाला, तर ॲडव्हान्स देऊ नका.