जेवणाऱ्याला ताटावरून उठवू नये



सुरतकरांचा समुद्र म्हणजे डुमस. तिथे भजी, घोडे आणि गर्दी. तापीच्या मुखापलीकडे, हजीऱ्याच्या उत्तरेला सुवालीचा किनारा आहे. आडवारी सकाळी तिथे फारसे कोणी नसते.

खंबातच्या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते. भावनगरकडे पाण्याच्या पातळीत सुमारे 10 मीटरचा फरक पडतो. सुवालीलाही ओहोटीला पाणी दूर सरते आणि ओला, करडा किनारा उघडा पडतो. खेकडे वाळूतले अन्न वेचून बारीक गोळ्या मांडून ठेवतात. चिखलात निवट्या उड्या मारतात. हिवाळ्यात चिखल्या, तुतवार आणि छोटे टिलवे येतात. टिलव्याचे वजन जेमतेम 25-30 ग्रॅम; पण तो सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून उडत येतो. पाणी परत चढेपर्यंतचे काही तास, एवढीच त्याची जेवणाची वेळ.

गेल्या जानेवारीत आम्ही तरुण संघाला घेऊन तिथे गेलो होतो. एका मुलाला थवा उडताना पाहायचा होता. तो धावणार, तोच आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "थांब रे बाळा, जेवणाऱ्याला ताटावरून उठवू नये." मुलगा थांबला. आम्ही सगळेच वाळूवर बसलो. हळूहळू पक्षी चरत चरत आमच्या जवळ आले.

हे नुसते शिष्टाचाराचे बोलणे नाही. प्रत्येक वेळी उडाले की अंगातली चरबी खर्च होते आणि खाण्याचा वेळही जातो. वसंतात परतीचा प्रवास त्याच चरबीवर करायचा असतो.

यिर्मया संदेष्टा आठव्या अध्यायात सांगतो, की पक्ष्यांना आपल्या येण्याजाण्याचे समय कळतात, देवाच्या लोकांना मात्र त्याचा न्याय कळत नाही. आम्हांला वाटते, समय ओळखणे म्हणजे दुसऱ्याची वेळ ओळखणेही आहे. पाखराची जेवणाची, आजाऱ्याची झोपेची, रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याची विसाव्याची. प्रीती कधी कधी काही करण्यात नसते, थांबण्यात असते.

सुवालीला जाल तर ओहोटीची वेळ पाहून जा. थव्यापासून दूर बसा, मोटारसायकल वाळूवर नेऊ नका, आणि भरती वळण्याआधी मागे फिरा. सपाट किनाऱ्यावर पाणी भरभर येते.

प्रभू, तू ज्यांच्यासाठी ताट वाढले आहेस, त्यांना आमच्यामुळे उपाशी उठावे लागू नये. आमेन.